मोडीत काढण्यापूर्वी

घरातील एखादी वस्तू जुनी झाली, की तिच्याविषयी दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "अजून चालते आहे ना? मग चालू द्या." दुसरा म्हणतो, "किती दिवस हे धूड सांभाळावयाचे? मोडीत काढा आणि नवे आणा." शिवणयंत्र, सायकल, रेडिओ, भिंतीवरचे घड्याळ ह्या सर्वांनी आपल्या उतारवयात हा वाद ऐकलेला आहे. आज पुष्कळ घरांतून तो संगणकावरून चालतो. आठ-दहा वर्षांपूर्वी मोठ्या कौतुकाने आणलेला, हळदकुंकू वाहून सुरू केलेला संगणक आता मंदावलेला असतो. कळ दाबावी, हातपाय धुऊन यावे, चहा घ्यावा, तरी त्याची तयारी चाललेलीच असते. मग मुले नव्या संगणकासाठी हट्ट धरतात, वडीलधारी माणसे खर्चाचा आकडा पुढे करतात आणि वाद रंगतो.

ह्या वादातील एक गोष्ट मला नेहमी चमत्कारिक वाटत आली आहे. दोन्ही पक्ष हिरिरीने बोलतात; परंतु ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे, त्या यंत्राला झाले आहे तरी काय, ह्याची चौकशी बहुधा कोणीच केलेली नसते. एक पक्ष 'जुना आहे' एवढ्यावरून त्याला निकामी ठरवितो आणि दुसरा 'चालतो आहे' एवढ्यावरून त्याला निरोगी ठरवितो. विद्यार्थिमित्रांनो, 'जुना' हे वयाचे नाव आहे, रोगाचे नव्हे. माझे मत असे आहे, की घरचा संगणक सुधारून घ्यावा की बदलावा, ह्याचा निर्णय तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून करू नये. त्याला नेमके झाले आहे काय? आपल्याला त्याच्याकडून कोणते काम हवे आहे? आणि त्याच्यावर करावयाचा खर्च त्याच्या उरलेल्या आयुष्याच्या मानाने योग्य आहे काय? ह्या तिन्ही प्रश्नांचा आपण क्रमाने विचार करू.

पहिला प्रश्न रोगाचा. संगणक ही एकसंध वस्तू नाही. अनेक भाग जुळवून ती केलेली असते. सायकलचे टायर झिजले, तर आपण सायकल टाकून देत नाही, टायर बदलतो. तांब्यापितळेच्या भांड्याची कल्हई गेली, तर भांडे फेकून देत नाही. कल्हई करून घेतो. संगणकाचेही तसेच आहे; परंतु त्याचे भाग पेटीत झाकलेले असल्यामुळे आपल्या ध्यानात येत नाहीत आणि एका भागाचा दोष आपण सबंध यंत्राच्या माथी मारतो.

हे भाग कसे काम करतात, ते समजण्यासाठी आपल्या स्वयंपाकघराकडे पाहा. स्वयंपाक करणारी व्यक्ती म्हणजे संगणकाचा प्रोसेसर. प्रत्यक्ष काम तोच करतो. तिच्या समोरचा ओटा म्हणजे रॅम, अर्थात तात्पुरती स्मृती. हाती घेतलेल्या कामाला लागणारी सामग्री तेथे मांडलेली असते. आणि आतली कोठीची खोली म्हणजे डिस्क. सारा साठा तेथे राहतो. आता ओटाच लहान असेल, तर काय होईल? पोळपाट ठेवण्यासाठी परात उचलून कोठीत न्यावी लागेल, परात हवी झाली की पोळपाट आत ठेवावा लागेल. स्वयंपाक करणारी कितीही तरबेज असो, तिचा वेळ येरझारांतच जाईल. संगणकाची रॅम अपुरी पडते, तेव्हा हेच घडते. जागा नसल्यामुळे तो हातातली सामग्री डिस्कवर नेऊन ठेवतो, पुन्हा आणतो, पुन्हा नेतो. आपल्याला वाटते, की तो म्हातारा झाला. वस्तुतः त्याला ओटा पुरत नसतो.

कोठीच्या खोलीचीही एक गोष्ट आहे. जुन्या संगणकांत बहुधा हार्ड डिस्क असते. तिच्यात एक तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते आणि एक बारीक हात, जुन्या फोनोच्या सुईसारखा, तिच्यावर मागेपुढे सरकून हवी ती माहिती शोधतो. असा एक शोध घेण्यास सुमारे एक शतांश सेकंद लागतो. हा काळ क्षुल्लक वाटतो खरा. परंतु संगणक सुरू होताना अशा लहानलहान तुकड्यांचे हजारो शोध घ्यावे लागतात आणि थेंबाथेंबाने तळे साचते. नव्या पद्धतीच्या एसएसडी नावाच्या डिस्कमध्ये फिरणारा भागच नसतो. तेथे एका शोधाला सेकंदाचा दहाहजारावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. म्हणूनच जुनी हार्ड डिस्क काढून तेथे एसएसडी बसविली, की अनेक मिनिटे रेंगाळणारा संगणक पुष्कळदा मिनिटभराच्या आत कामाला उभा राहतो. प्रोसेसर तोच, पडदा तोच, कळफलक तोच. बदलली ती केवळ कोठी.

काही रोग तर ह्याहूनही साधे असतात. पेटीतील पंख्यावर व जाळीवर धुळीची पुटे चढली, म्हणजे आतली उष्णता बाहेर जात नाही. फार तापलेला प्रोसेसर स्वतःला जपण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात भर दुपारी मंदावणारा संगणक सकाळी ठीक चालत असेल, तर आधी धुळीचा संशय घ्यावा. दुसरा रोग घड्याळाचा. वीज बंद असतानाही संगणकाला तारीख-वेळ ठाऊक असते, ती मदरबोर्डवरील रुपयाच्या नाण्यासारख्या दिसणाऱ्या ३ व्होल्टच्या एका छोट्या बॅटरीमुळे. काही वर्षांनी ही बॅटरी संपते. मग संगणक दर वेळी जुनीच तारीख दाखवू लागतो. आणि तारीख चुकीची असल्यामुळे इंटरनेटवरील पुष्कळशी सुरक्षित संकेतस्थळे उघडण्याचे नाकारतात. घरातील मंडळी म्हणतात, "गेला बिचारा!" वास्तविक गेलेली असते ती घड्याळातल्यासारखी एक स्वस्त बॅटरी. अशा वेळी नवा संगणक आणणे म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असेच म्हणावे लागेल.

रोग ओळखावयाचा कसा? त्यासाठी दर वेळी तज्ज्ञच लागतो, असे नाही. विंडोज प्रणालीवर चालणाऱ्या संगणकात कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबल्या, म्हणजे 'टास्क मॅनेजर' नावाचा तक्ता उघडतो. प्रोसेसर, स्मृती आणि डिस्क ह्यांवर त्या क्षणी किती टक्के भार आहे, ते त्यात दिसते. आठवडाभर एक वही जवळ ठेवा. संगणक रखडेल, तेव्हा हा तक्ता उघडून कोणता आकडा शंभरीला टेकला आहे, ते लिहून ठेवा. साध्या कामातही स्मृती भरून वाहत असेल, तर रॅम वाढविण्याचा विचार करावा. डिस्कच सारखी धापा टाकीत असेल, तर एसएसडीचा विचार करावा. तिन्ही आकडे शांत असून केवळ संकेतस्थळेच उशिरा उघडत असतील, तर तेच संकेतस्थळ त्याच जोडणीवर दुसऱ्या एखाद्या यंत्रावर उघडून पाहावे. तेथेही उशीर लागला, तर दोष इंटरनेटच्या जोडणीत असण्याचा संभव अधिक. अशा घरात उद्या लाखाचा संगणक आणला, तरी तो तसाच खोळंबून बसेल. मात्र एक सावधगिरी बाळगावी. तक्ता वाचण्याचे काम तुमचे. पेटी उघडण्याचे काम मोठ्या माणसांचे किंवा कारागिराचे. विशेषतः वीजपुरवठ्याच्या आतल्या डब्यात वीज बंद केल्यावरही धोकादायक भार शिल्लक राहू शकतो. त्याला कोणीही घरी हात लावू नये.

रोगाची नेमकी जागा सापडली, म्हणजे केवढे काम होते, ह्याचे एक उदाहरण आकाशात आहे. अमेरिकेच्या 'नासा' ह्या संस्थेने १९७७ साली 'व्हॉयेजर १' हे यान अवकाशात सोडले. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच्याकडून येणारे संदेश एकाएकी निरर्थक येऊ लागले. त्या वेळी यान पृथ्वीपासून सुमारे २४ अब्ज किलोमीटर दूर होते; तेथे संदेश पोहोचण्यास साडेबावीस तास आणि उत्तर येण्यास तितकेच तास लागत. नवा संगणक नेऊन बसविण्याचा प्रश्नच नव्हता. शास्त्रज्ञांनी धीराने शोध घेतला, तेव्हा त्या सेहेचाळीस वर्षांच्या संगणकाच्या स्मृतीतील अवघा ३ टक्के भाग बिघडलेला आढळला. त्या भागातील सूचना तुकडे करून त्यांनी स्मृतीच्या इतर मोकळ्या जागांत हलविल्या आणि एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा समजेल असे बोलू लागले. सबंध संगणक बिघडल्यासारखा वाटत असताना ९७ टक्के स्मृती धडधाकट होती, ही गोष्ट आपण ध्यानी ठेवण्यासारखी आहे.

येथवर वाचून कोणास असे वाटेल, की हा गृहस्थ जुन्याचा कैवारी दिसतो. तसे नाही. 'जुने ते सोने' ही म्हण सरसकट खरी नाही. जुने पुष्कळदा गंजलेले लोखंडही असते. भाग बदलण्याला मर्यादा आहेत. रॅमच्या पट्ट्या पिढीगणिक बदलतात. डीडीआर ३ जातीची पट्टी ज्या मदरबोर्डवर बसते, त्यावर डीडीआर ४ जातीची बसत नाही, कारण दोघींच्या खाचाच निराळ्या असतात. काही लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते. ती वाढविता येत नाही. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसली, तर तो त्या क्षणी वापरणे थांबविलेच पाहिजे, कारण अशी बॅटरी पेट घेऊ शकते. आणि मदरबोर्डच बिघडला, तर जुळणारा नवा मदरबोर्ड, त्यासाठी नवा प्रोसेसर, त्यासाठी नवी रॅम, अशी मालिका सुरू होते. ह्यालाच आपल्याकडे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात.

ह्याहूनही महत्त्वाची मर्यादा सुरक्षिततेची आहे. संगणक चालविणारी प्रणाली काही वर्षांनी जुनी होते आणि तिचा निर्माता तिच्यातील उणिवा बुजविण्याचे थांबवितो. विंडोज १० ह्या प्रणालीला नियमितपणे मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर मिळणारी वाढीव सोयही ठराविक मुदतीचीच होती. तिच्यापुढची विंडोज ११ ही प्रणाली वापरावयाची, तर संगणकात टीपीएम २.० नावाची सुरक्षाव्यवस्था व मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. २०१७ पूर्वीचे बहुतेक सर्व प्रोसेसर त्या यादीबाहेर राहतात. म्हणजे अंगाने धडधाकट असलेला संगणकही ह्या दारातून आत जाऊ शकत नाही. उणिवा न बुजविलेल्या संगणकावर काय ओढवते, ते मे २०१७ मध्ये जगाने पाहिले. 'वॉनाक्राय' नावाच्या उपद्रवी प्रणालीने अनेक देशांतील संगणकांमधील माहितीला कुलूप घातले आणि ते उघडण्यासाठी खंडणी मागितली. इंग्लंडमधील कित्येक रुग्णालयांचे काम त्यामुळे अडले. ती उणीव बुजविण्याचा उपाय दोन महिने आधीच निघालेला होता. परंतु पुष्कळ संगणकांवर तो केलेलाच नव्हता. ज्या संगणकावरून वडील बँकेचे व्यवहार करतात, तो अशा उघड्या दाराने ठेवणे ही काटकसर नव्हे, निष्काळजीपणा आहे.

तथापि दार एकच नसते. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोर्व्हाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने लिनक्सचा आरंभ केला. तिच्यावर आधारलेल्या अनेक प्रणाली आज विनामूल्य मिळतात आणि त्यांपैकी काही जुन्या संगणकांवरही सुखाने चालतात. केरळमधील सरकारी शाळांतून अशाच मुक्त प्रणालीवर मुले संगणक शिकतात. पेनड्राइव्हवरून ती आधी चालवून पाहता येते, त्यामुळे परीक्षा केल्यावाचून पाऊल टाकावे लागत नाही. आपला छपाईयंत्र तिच्याशी जुळतो काय, घरच्या कामाचे विशिष्ट सॉफ्टवेअर तिच्यावर चालते काय, हे मात्र आधी पाहिले पाहिजे.

आता दुसरा प्रश्न, गरजेचा. ह्या प्रश्नाचे उत्तर देताना प्रामाणिकपणा फार लागतो. आजोबांना मराठीत पत्रे लिहावयाची आहेत, आईला बचतगटाचा हिशेब ठेवावयाचा आहे, तुम्हांला शाळेचा प्रकल्प तयार करावयाचा आहे. एवढीच कामे असतील, तर सुधारलेला जुना संगणक त्यांना भरपूर पुरतो. परंतु ताईने वास्तुशास्त्राच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आहे आणि तिला इमारतींचे त्रिमिती आराखडे काढावयाचे आहेत, तर जुन्या प्रोसेसरला रॅमची जोड देऊन भागणार नाही. तेथे नवा संगणक घेणे ही चैन नव्हे, ते शिक्षणाचे साधन होय. आणि त्यात चालढकल करणे हा तिच्यावर अन्याय होय.

पुष्कळदा मात्र आपण इच्छेला गरजेचे कपडे घालून घरात आणतो. नवा खेळ चालत नाही, म्हणून संगणक बदलावासा वाटतो आणि वडिलांना सांगताना म्हणतो, "अभ्यास होत नाही." खेळ खेळावासा वाटणे हा गुन्हा नाही. परंतु इच्छेला इच्छा म्हणावे. वडिलांपुढे ती तशीच मांडावी, म्हणजे घरच्या इतर गरजांच्या रांगेत तिला कोठे उभे करावयाचे, हे त्यांना ठरविता येते. ज्या घरात मुले असे बोलतात, त्या घरात वडीलधारी माणसेही त्यांचे म्हणणे अधिक विश्वासाने ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

तिसरा प्रश्न हिशेबाचा. हा हिशेब तुमच्या वर्गातल्या गणिताइतकाच सोपा आहे. केवळ उदाहरणासाठी काही आकडे घेऊ. समजा, जुन्या संगणकात एसएसडी आणि थोडी अधिक रॅम बसविण्यास ६,००० रुपये लागतात आणि त्यानंतर तो तीन वर्षे आपले काम नीट करील, असा जाणत्यांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला २,००० रुपये पडले. नवा संगणक ४२,००० रुपयांस मिळतो आणि सात वर्षे टिकेल. वर्षाला ६,००० रुपये पडले. येथे सुधारणे शहाणपणाचे. आता दुसरे घर पाहा. तेथे मदरबोर्डच गेला आहे. दुरुस्तीला १५,००० रुपये लागतात आणि प्रणालीला आधार उरला नसल्यामुळे दीड वर्षापलीकडे त्याचा भरवसा नाही. वर्षाला १०,००० रुपये पडले. येथे जुन्याला कवटाळून बसणे हीच उधळपट्टी. दोन्ही घरांतील संगणक एकाच वर्षी घेतलेले असू शकतात. वय एकच, निर्णय मात्र निराळा. भागांच्या किमती नेहमी चढतात-उतरतात. म्हणून दोन-तीन दुकानांत त्या दिवशीचा भाव विचारून मगच हिशेब मांडावा.

ह्या हिशेबात दुकानाच्या पावतीवर न येणारी एक रक्कम असते, तीही धरली पाहिजे. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे आढळले होते, की त्या काळचा एक संगणक व त्याचा १७ इंची पडदा तयार करण्यास निदान २४० किलोग्रॅम इंधन, २२ किलोग्रॅम रसायने आणि दीड हजार किलोग्रॅम पाणी लागते. आजचे संगणक निराळे आहेत. तथापि यंत्र वापरण्यापूर्वी ते घडविण्यातच निसर्गाची मोठी किंमत मोजावी लागते, हे आजही खरे आहे. आणि टाकल्यावर? संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे, २०२२ ह्या एका वर्षात जगात सुमारे ६२ अब्ज किलोग्रॅम विद्युत्-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा करून पुन्हा उपयोगात आणल्याची नोंद आहे. दिल्लीतील सीलमपूर, उत्तर प्रदेशातील मुरादाबाद अशा ठिकाणी गरीब माणसे तांब्या-सोन्याच्या कणांसाठी जुन्या यंत्रांच्या तारा जाळीत आणि त्यांचे भाग आम्लात बुडवीत आली आहेत. तो धूर त्यांच्या छातीत जातो. आपण 'टाकला' म्हणतो, तेव्हा तो संगणक नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात जाऊन पडतो.

ह्यावर काही जण असा आक्षेप घेतात, की सर्वांनीच जुने वापरावयाचे ठरविले, तर नवे शोध लागतील कसे आणि कारखाने चालतील कसे? आक्षेप विचार करण्यासारखा आहे. परंतु एसएसडी हाही एक नवा शोधच आहे; तो विकत घेणारा माणूस शोधांना पाठ दाखवीत नाही. शिवाय दुरुस्ती करणाराही एक कारागीर असतो आणि त्याचेही घर चालावयाचे असते. नवे घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. नवे अवश्य घ्यावे. पण जाहिरातीने सांगितले म्हणून किंवा शेजाऱ्याने घेतले म्हणून घेऊ नये, गरज पटली म्हणून घ्यावे. नव्याचे नऊ दिवस संपल्यावरही जे उपयोगी वाटेल, तेच घेण्याजोगे नवे.

विचारान्ती नवाच संगणक घ्यावयाचे ठरले, तर जुन्याला निरोप देण्याचीही एक रीत आहे. प्रथम त्यातील छायाचित्रे, पत्रे व कागदपत्रे दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरवून घ्यावीत. संगणक पुन्हा विकत मिळतो, आजीचे छायाचित्र मिळत नाही. नंतर जाणत्या माणसाकडून डिस्क पूर्णपणे पुसून घ्यावी. केवळ फाईल काढून टाकल्याने माहिती जात नाही, ती परत मिळविता येते. पडदा, कळफलक, एसएसडी असे चांगले भाग नव्या संगणकाला लावता येतात. यंत्र चालू स्थितीत असेल, तर साध्या कामासाठी ज्याला ते हवे आहे, अशास द्यावे. अगदीच निकामी झाले असेल, तर ते फुलापानांच्या कचऱ्याबरोबर टाकू नये. आपल्या देशात विद्युत्-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून त्यांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्वापर-केंद्राकडेच गेला पाहिजे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरी हा वाद निघेल, तेव्हा कोणत्याही पक्षाची बाजू घेण्याची घाई करू नका. आठवडाभराची ती वही वडिलांपुढे ठेवा. त्याला काय झाले आहे, आपल्याला काय हवे आहे आणि खर्च किती व किती वर्षांसाठी, ही तीन उत्तरे तीन ओळींत लिहून दाखवा. मग घरातील मंडळी संगणक सुधारून घेवोत की नवा आणोत, तो निर्णय विचाराचा झालेला असेल. पुढील आयुष्यात संगणकाहून कितीतरी मोठ्या गोष्टींविषयी, जुन्या चालीरीतींविषयी, जुन्या संस्थांविषयी, 'ठेवावे की टाकावे' असा प्रश्न तुमच्यापुढे येणार आहे. त्या वेळीही आधी दोष कोठे आहे ते पाहावे आणि मग हात उचलावा. ही सवय लहानपणी घरातल्या एका मंदावलेल्या यंत्रापाशी लागली, तर त्या यंत्रानेही तुम्हांला शेवटचा एक चांगला धडा दिला, असे मी म्हणेन.